माती बसते

वाफ्याच्या विटा रचून झाल्या त्याच संध्याकाळी मी टेप घेतला आणि दोन मिनिटांत उत्तर काढलं. लांबी ८ फूट, रुंदी ४ फूट, उंची १५ इंच म्हणजे सव्वा फूट. आठ चोक बत्तीस, बत्तीस सव्वे चाळीस. ४० घनफूट माती लागणार. वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या, शाळेत गणित सुटलं की मारायचो तशा.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला. बागेतलं त्यांना काही कळत नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. त्यांनी वही मागून घेतली, आकडा पाहिला, मग वाफ्याकडे पाहिलं.

"आतून मोजलंस की बाहेरून?"

"बाहेरून. का?"

"मग विटांच्या पोटातही माती भरणार आहेस का?"

मी टेपचं नाक विटेच्या बाहेरच्या कडेला अडकवलं होतं. तिथे ते छान अडकतं म्हणून, दुसरं काही कारण नाही. वीट ४ इंच रुंद. डावीकडे ४, उजवीकडे ४, म्हणजे ८ फुटांतून ८ इंच गेले. तसेच ४ फुटांतूनही ८ इंच गेले. आत उरले ७ फूट ४ इंच आणि ३ फूट ४ इंच. बाहेरून ३२ चौरस फूट दिसणारा वाफा आतून जेमतेम २४.४ भरला. जवळजवळ पाव भाग विटांनी खाल्लेला. इंचभर जाडीच्या फळ्या असत्या तर ३० चौरस फूट हाती लागले असते. अरुंद वाफ्यात ही खोट आणखी बोचते, कारण भिंत तेवढीच जाड राहते आणि मधली जागा आक्रसते.

एवढ्यावर ते थांबले असते तर ते बाबा कसले? "उंची कुठे मोजलीस?" मी कोपरा दाखवला. "आणि त्या टोकाला?" त्या टोकाला जमीन खाली उतरलेली आहे. रोज पाण्याचा पाइप ओढत मी त्या उतारावरून जाते, पण हिशेबात मात्र जमीन पाटासारखी सपाट धरली होती. शिवाय माती काठोकाठ भरायची नसते. वरचे दोन इंच मोकळे ठेवायचे, म्हणजे पाणी घातल्यावर ते वाहून न जाता वाफ्यात मुरतं आणि पालापाचोळ्याचं आच्छादन टाकायला जागा राहते. बाबांनी काठापासून दोन इंच खाली खडूची रेघ मारायला लावली, त्या उंचीवर आडवी सुतळी ताणली आणि एका काठीवर खुणा करून सहा ठिकाणी खोली मोजवून घेतली. ११, १२, १३, १३, १४, १५. बेरीज ७८, भागिले सहा, सरासरी १३ इंच.

२४.४ चौरस फूट गुणिले १३ इंच. साडेसव्वीस घनफूट.

माझ्या दोन रेघांखाली त्यांनी नवा आकडा लिहिला. चाळीसचे साडेसव्वीस झाले, म्हणजे मी तिसऱ्या हिश्शाने चुकले होते, आणि तेही गुणाकार अचूक करून.

सहा ठिकाणी मोजून सरासरी काढणं बाबांनी हिशेबनिसाच्या सवयीने केलं, पण ही रीत चांगलीच जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, खातव्यवहार नावाचं एक प्रकरणच आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. त्यात सांगितलंय की रुंदी बऱ्याच ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजली तितक्या संख्येने भागावं. लांबीचं तसंच, खोलीचंही तसंच. मग क्षेत्रफळाला खोलीने गुणलं की घनहस्त मिळतात, म्हणजे फुटांऐवजी हातांत मोजलेलं घनफळ. खड्ड्याच्या कडा कधी सरळ नसतात हे ज्याने एकदा तरी खड्डा पाहिलाय त्यालाच सुचेल असं हे सूत्र आहे. मोजायच्या जागा मात्र सगळीकडे विखुरलेल्या हव्यात. तीन मापं एकाच कोपऱ्यात घेऊन सरासरी काढली तर ती त्या कोपऱ्याचीच सरासरी.

त्याच प्रकरणात वर रुंद आणि खाली निमुळत्या होणाऱ्या खड्ड्याचाही विचार आहे. तोंडाचं क्षेत्रफळ घ्यायचं, तळाचं घ्यायचं, तोंडाच्या आणि तळाच्या बाजू मिळवून जी मोठी आकृती होईल तिचं घ्यायचं. तिन्हींची बेरीज, भागिले सहा, गुणिले खोली. कुंडीला हे सूत्र तंतोतंत लागू पडतं. तोंड १२ इंच, तळ ९ इंच, उंची ११ इंच असलेल्या कुंडीत पावणेसोळा लिटर माती मावते. मी कुंडी पाण्याने भरून, तपेल्याने मोजून खात्री करून घेतली (तळाचं भोक अंगठ्याने दाबून धरायला एक माणूस लागतो, आणि बाबांनी नकार दिला). कुंड्यांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीने मला अनेकदा फसवलंय. ६ इंची कुंडीतलं रोप १२ इंची कुंडीत हलवायचं तर माती दुप्पट लागेल असं वाटतं. लागते आठपट. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंचीही दुप्पट. डोळ्याला एकच दुप्पट दिसते.

तर साडेसव्वीस घनफूट.

मातीच्या व्यवहारात एक माप कुणी बोलत नाही. कुणी ब्रासमध्ये बोलतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे आमचं काम पाव ब्रासच्या किंचित वर. कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लिटरमध्ये येतं, शेणखत किलोत, आणि हाताखाली काम करणारा माणूस विचारतो, "किती घमेली?" एका घनफुटात २८.३ लिटर बसतात असं धरलं तर आमचे साडेसव्वीस घनफूट म्हणजे ७५० लिटर. इतका गोल आकडा आल्यावर बाबांनी पुन्हा तपासला. गोल आकड्यांवर त्यांचा विश्वास नसतो.

घमेल्याचं माप कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मी आमचं घमेलं अंगणात ठेवून लिटरच्या मापाने पाण्याने भरलं. काठापर्यंत १२ लिटर. मग माती भरून पाहिली. हाताने सपाट केली तर १२, पण फावड्याने ओढताना कुणी सपाट करत नाही, शीग राहते, आणि ती शीग सुटी काढून मोजली तर ३ लिटर निघाली. म्हणजे एकाच घमेल्यात १२ किंवा १५. साठ घमेल्यांमध्ये हा फरक १८० लिटरचा होतो. 'पन्नास घमेली टाकली' असं कुणी सांगितलं की मी आता विचारते, शिगोशीग की सपाट?

किलोचं तर त्याहून अवघड. कंपोस्टची १० लिटरची बादली मी वजन केली, ६ किलो भरली. तीच बादली दोन दिवस उन्हात पसरून पुन्हा मोजली तर साडेचार. दीड किलो नुसतं पाणी होतं. किलोवर घ्यायचं असेल तर हात घालून ओल पाहावी आणि बादलीभर मोजून मगच गुणाकार करावा.

आता या ७५० लिटरमध्ये काय काय? अर्धी पोयटा माती, म्हणजे ३७५ लिटर. तीस टक्के कंपोस्ट, २२५. उरलेले १५० लिटर कोकोपीट. याहून जास्त कंपोस्ट घालायचा मोह होतो, काळंभोर दिसतं, हाताला हलकं लागतं. तो मोह का आवरायचा हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे कळलं.

तळाशी तीन इंच खडी घालायची असं मात्र मी ठरवलं होतं. सगळे सांगतात, पाण्याचा निचरा होतो. बाबांनी खर्चाच्या बाजूने हरकत घेतली: तीन इंच म्हणजे ६ घनफूट, मातीची जागा खडीला कशाला? मला मात्र वेगळ्याच कारणाने माघार घ्यावी लागली. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरून पाहा. थोडं पाणी गळतं आणि थांबतं. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागते. आडव्या स्पंजातही तळाचा थर पाण्याने भरलेलाच राहतो, कारण बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात. उभ्या स्पंजात ओला थर तेवढाच, पण उंची जास्त असल्याने वरचा भाग कोरडा होतो. मातीचं तेच. बारीक मातीखाली जाड खडी आली की पाणी सहजासहजी खडीत उतरत नाही, मातीच्या तळाशीच साचून राहतं. खडी घालून आपण मातीची उंची कमी करतो आणि तो चिंब थर मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवतो. आमच्या वाफ्याला तर तळच नव्हता, खाली जमीन होती. मी ती फक्त कुदळीने वीतभर खणून भुसभुशीत केली, म्हणजे मुळांना खाली उतरता येईल. पालक-मेथीसारख्यांना सहा-आठ इंच पुरतात, गाजर-मुळ्याला फूटभर मोकळी माती हवी, टोमॅटो संधी मिळाली तर त्याहून खोल जातो. तळ मोकळा असला की वाफ्याच्या उंचीची इतकी काळजी नसते.

मातीचा ढीग फाटकाशी येऊन पडला तेव्हा बाबा घरात होते आणि मी हातात सुतळी घेऊन तयार होते. लीलावतीत धान्याच्या राशीचाही हिशेब आहे. जमिनीवर ओतलेली रास शंकूच्या आकाराची होते. तिचा घेर मोजायचा, त्याला सहाने भागून वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचं. चढायला नको, खणायला नको, नुसती प्रदक्षिणा. माझ्या ढिगाचा घेर १५ फूट, उंची २ फूट १ इंच. पंधराचा सहावा हिस्सा अडीच, अडीचचा वर्ग सव्वासहा, त्याला उंचीने गुणलं, १३ घनफूट. मागवली होती ३७५ लिटर, म्हणजे सव्वातेरा. आजच्या सूत्राने तीच रास साडेबाराच्या आसपास भरते, कारण जुन्या सूत्रात परिघ व्यासाच्या तिप्पट धरल्यासारखा आहे. सुतळी धरून ढिगाभोवती फिरणाऱ्या माणसाला एवढ्या फरकाचं काही वाटत नाही.

त्या श्लोकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. उंची मोजायची सोय नसेल तर काय? जाड धान्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्याची अकराव्या, कुसळं असलेल्या धान्याची नवव्या हिश्शाइतकी धरावी. कुसळं एकमेकांत अडकतात म्हणून रास उभी राहते, बारीक दाणे घसरतात म्हणून बसकी होते. हे कुणीतरी बारकाईने बघितलेलं आहे. माझ्या ओलसर मातीची रास घेराच्या सातव्या हिश्शाइतकी उभी होती. ओल हीच तिची कुसळं.

दुसऱ्या दिवशी सगळं कालवलं आणि भरायला घेतलं. घमेली सपाट करून, बाबा वहीत पाचाच्या जुड्या पाडत, चार उभ्या रेघा आणि एक तिरकी. हिशेबाने साडेबासष्ट घमेली व्हायला हवी होती. साठाव्यालाच ढीग संपला. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू अडीच घमेली मी पळवली. खरं कारण असं की वेगवेगळ्या जाडीच्या वस्तू मिसळल्या की बेरीज पुरी होत नाही. मातीच्या ढेकळांमधल्या फटीत कंपोस्टचा बारीक चुरा शिरतो, कोकोपीटच्या तंतूंमध्ये माती शिरते. दोन बादल्या आणि दोन बादल्या मिळून चार होत नाहीत, साडेतीन-पावणेचार होतात. तरीही रेक फिरवून पाहिलं तर माती खडूच्या रेघेला टेकली होती, एखाददुसरं बोट इकडे-तिकडे. मी बाबांना म्हटलं, तुमचा आकडा बरोबर निघाला. त्यांनी मान हलवली. मला वाटतं त्या रात्री ते समाधानाने झोपले.

सकाळी पाणी घातलं. संध्याकाळी खडूची रेघ मातीच्या दोन बोटं वर होती.

दोन आठवड्यांनी चार बोटं. मग पाऊस झाला. महिन्याने काठी घालून पाहिली तर तेरा इंचांच्या जागी साडेदहाच्याही किंचित आत. पाचवा हिस्सा माती कुठेही न जाता नाहीशी झाली होती. बाबांनी वाफ्याभोवती फेरी मारून कुठून वाहून गेली का ते पाहिलं. विटांच्या सांध्यांत बोट घालून पाहिलं. कुठेच काही नाही. "चोरीला तर जात नाही माती," ते म्हणाले, पण फारशा खात्रीने नाही.

त्या दुपारी मी एका काचेच्या पेल्यात कोरडी माती काठापर्यंत भरली आणि त्यांच्यासमोर ठेवली. पेला भरलाय का? भरलाय. मग दुसऱ्या पेल्यातलं पाणी मी हळूहळू त्यात ओतायला लागले. पाणी आत जात राहिलं. मातीच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे फुटायला लागले, टिचक टिचक असा आवाजही येत होता, कान जवळ नेला तरच ऐकू येईल इतका. जवळजवळ अर्धा पेला पाणी भरलेल्या पेल्यात शिरलं. आणि ते शिरत असताना माती खाली सरकत होती. काचेवर जिथे तिचा काठ होता तिथे धुळीची एक कोरडी कडा मागे राहिली, खाली माती काळी आणि ओली, मध्ये करंगळीच्या नखाएवढी रिकामी पट्टी. बाबांनी पेला उचलून उजेडात धरला. पट्टीवर अंगठा ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मातीचा कण दगडाचाच चुरा. तो पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड असतो. पण लिटरभर चांगली माती वजनाला साधारण सव्वा-दीड किलोच भरते. म्हणजे त्या लिटरमध्ये कणांनी फक्त अर्धी जागा घेतलेली असते, उरलेली अर्धी पोकळी. उत्तम मातीचं जे वर्णन पुस्तकात असतं ते असं: ४५ टक्के खनिज, ५ टक्के सेंद्रिय, २५ टक्के पाणी आणि २५ टक्के हवा. आपण लांबी-रुंदी-खोलीचा गुणाकार करतो तेव्हा या सगळ्याला एकच वस्तू धरतो. फावड्याने उचलून घमेल्यात आणि घमेल्यातून वाफ्यात टाकलेल्या सुट्या मातीत तर पोकळी आणखी वाढलेली असते. पाणी पडलं की कण सरकून एकमेकांत रुततात, ढेकळं विरघळतात आणि उसनी घेतलेली हवा निघून जाते.

खड्डा खणणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत असतं. त्यांच्या लेखी माती तीन प्रकारची: जागची, सुटी आणि दाबलेली. जागेवरून उकरली की ती फुगते, वीस-तीस टक्क्यांनी सहज. म्हणून झाड लावायला खड्डा खणला की काढलेली माती परत मावत नाही, वर उंचवटा होतो, आणि वर्षभराने त्याच जागी खळगा पडलेला दिसतो. माती तीच, आकडे तीन. तेव्हा 'किती घनफूट माती' या प्रश्नाला 'कुठल्या अवस्थेतली' हे जोडल्याशिवाय उत्तर नसतं.

"मग आधीच तुडवून बसवू," बाबा म्हणाले. तोटा दिसला की तो लगेच खाती टाकून मोकळं व्हायची ही सवय. त्यांनी चपला काढल्या सुद्धा. मी त्यांना अडवलं. पायांनी तुडवलेल्या मातीत आधी मोठ्या पोकळ्या दबतात, आणि हवा खेळते ती नेमकी त्यांतूनच, जास्तीचं पाणी उतरतं तेही त्यांतूनच. शेतीत एक शब्द आहे, वाफसा. पाऊस झाल्यावर मोठ्या पोकळ्यांतलं पाणी उतरून तिथे हवा आलेली असते आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवलेलं असतं, ती अवस्था. मुळांना हीच हवी असते. तुडवलेल्या जमिनीला वाफसा येत नाही; ती चिखल तरी असते नाहीतर वीट. बसवायची तर पाण्याने बसवावी: एक थर टाकावा, पाणी द्यावं, मग पुढचा थर.

आता पुन्हा भरायला किती हवी? पाचवा हिस्सा बसली, म्हणून पाचवा हिस्सा जास्त आणावी असं माझ्या मनाने सांगितलं. बाबांनी इथे मात्र मला पकडलं. साडेसव्वीसची पंचमांश वाढवून ३१.८ आणली तर तीही पाचव्या हिश्शाने बसेल, उरतील साडेपंचवीसच. १०० ची ८० होणार असेल तर ८० पासून १०० वर जायला पाव लागतो, पंचमांश नाही. साडेसव्वीस भागिले शून्य दशांश आठ: ३३ घनफूट. सुरुवातीलाच ३३ मागवायला हवी होती.

मी वहीचं पहिलं पान काढलं. माझे ४०, त्यांचे साडेसव्वीस. दोन्हींची बेरीज भागिले दोन: सव्वातेहतीस. मी आकडा दाखवला तेव्हा ते हसले नाहीत. दोन चुकांची सरासरी काढणं हा हिशेब नव्हे, असं त्यांचं मत पडलं. मला मात्र ते पान फाडावंसं वाटलं नाही.

बसण्याची एक मंद बाजूही आहे आणि ती कंपोस्टकडे वळते. पाण्याने बसणारी माती काही आठवड्यांत बसून मोकळी होते. सेंद्रिय भाग मात्र बसत नाही, संपतो. सूक्ष्मजीव तो खातात आणि त्यातला कर्ब वायू होऊन हवेत जातो. म्हणजे काळ्याभोर दिसणाऱ्या वाफ्याचा काही भाग खरोखरच हवेत विरतो, आणि कंपोस्ट जितकं जास्त तितका हा खालावा जास्त. खोल वाफ्यांच्या तळाशी फांद्या-ओंडके घालून माती वाचवायची एक युक्ती आहे. ती चालते, पण ओंडके कुजत जातात तसा वाफा वर्षानुवर्षं खचत राहतो, आणि सुरुवातीला ते लाकूड कुजवणारे जीव मातीतला नत्रही ओढून घेतात. मी तळाशी चार इंच सुका पालापाचोळा घातला असता तर तीन महिन्यांत त्याचा कागद झाला असता.

हाच वाफा गच्चीवर करायचा बेत एका मैत्रिणीने मला फोनवर सांगितला तेव्हा मी तिला घनफूट विचारलेच नाहीत, वजन विचारलं. पाऊण घनमीटर असं मिश्रण भिजलं की टनाच्या आसपास जातं. सव्वादोन चौरस मीटरवर एक टन, म्हणजे दर चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर. राहत्या घराच्या मजल्यांसाठी हिशेबात धरला जाणारा वापराचा भार बहुतेक ठिकाणी दीडशे-दोनशे किलो असतो. तिने आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारावं, मग मातीला. ती थोडी रुसली.

यंदा वाफ्याला दुसरं वर्ष. खडूची रेघ पावसाने केव्हाच धुऊन नेली, पण विटांच्या आतल्या बाजूला मातीच्या कडा उमटल्यात, एकाखाली एक, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहतात तशा. सगळ्यात वरची पहिल्या दिवसाची, फिकट. मधली आपण पुन्हा भर घातली तेव्हाची. आजची माती तिच्या दोन इंच खाली आहे. हे दोन इंच नुसत्या कंपोस्टने भरायचे, वरून पसरायचं, खणायचं नाही.

मी गणित मांडायला वही शोधत होते, ती बाबांच्या उशाशी सापडली. त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. २४.४ भागिले सहा, ४ घनफूट आणि वर थोडं. ११५ लिटर. घमेली ९.६. त्याखाली, पेन्सिलीने, 'बसेल' असा एकच शब्द आणि पाव मिळवून १२. खाली रेघा मारल्या नव्हत्या.